कराचीहून मुंबईस : ८७५ किलोमीटरांचा आकाशमार्ग

कराची आणि मुंबई येथील विमानतळांमध्ये नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे ८७५ किलोमीटर भरते. मुंबईहून निघालेली ही रेषा खंबातच्या आखाताच्या मुखावरून दीवच्या आसपास सौराष्ट्राच्या भूमीस लागते, ते द्वीपकल्प तिरकस ओलांडून कच्छच्या आखातावर येते, पुढे कच्छच्या पश्चिम टोकावरून सिंधूच्या मुखाशी पसरलेल्या खाजणांत शिरते आणि कराचीस पोचते. मुंबईहून दिल्ली याहून अडीचशे किलोमीटर अधिक दूर आहे. जेट विमानास हे अंतर तोडावयास, चढणे-उतरणे धरून, दीड तास पुरतो. असे असूनही या मार्गाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास प्रवासाचा काळ सात तासांवरून दीड तासावर आलेला, आणि पुन्हा दीड तासावरून अर्ध्या दिवसापलीकडे गेलेला आढळतो. विमानाचा वेग वाढत असता प्रवास लांबत जावा, हे या मार्गाचे वैशिष्ट्य होय.

१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. एकाच इलाख्यातील ही दोन बंदरे. एकाच गव्हर्नराच्या सहीने दोहोंचा कारभार चाले. सिंधमध्ये शिक्षणखात्याची उभारणी करणाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ होते आणि कराचीतील जुनी सरकारी शाळा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु खुष्कीचा मार्ग अवघड होता. मध्ये कच्छचे रण पसरलेले. रेल्वेने येणारास हैदराबाद (अर्थात सिंधमधील, दक्षिणेतील नव्हे), मारवाड आणि अहमदाबाद असा मोठा वळसा घ्यावा लागे. त्यामुळे व्यापारी आणि चाकरमाने बहुधा आगबोटीचाच आश्रय घेत. आकाशातून हा वळसा चुकविता येईल ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर लगेच पुढे आली. १९२० च्या आरंभी ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांनी काही आठवडे या दोन शहरांमध्ये टपाल नेऊन पाहिले. प्रयोग टिकला नाही.

त्यास खरी गरज निर्माण झाली ती १९२९ साली. त्या वर्षी ३० मार्च रोजी इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडनहून कराचीपर्यंत आठवड्यातून एकदा विमानसेवा सुरू केली. विलायतेचे टपाल सात-आठ दिवसांत कराचीस येऊन पडू लागले. मुंबई आणि मद्रास येथील पेढ्यांना मात्र पुढचा प्रवास पूर्वीच्याच गतीने करून आलेली पत्रे मिळत. समुद्रापलीकडील टप्पा दिवसांत आटोपावा आणि घरातला टप्पा रखडावा, ही विसंगती नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या, ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाच्या ध्यानी आली. त्याने टाटांकडे योजना मांडली. जे. आर. डी. टाटा यांना तर विमानाचे वेडच होते. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला होता आणि त्यावर पहिला क्रमांक होता. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले. नेलेल्या टपालाच्या वजनावर काय मिळेल ते घ्यावे, अशा बोलीवर १९३२ च्या एप्रिलमध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाचे छोटे 'पुस मॉथ' विमान एकट्याने आकाशात नेले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. त्याच मैदानावर एक प्रचंड लोखंडी शेड उभी होती. आठशे फुटांहून अधिक लांबीची ही शेड इंग्लंडहून येणाऱ्या 'आर १०१' या महाकाय वायुनौकेसाठी बांधलेली. ती नौका १९३० च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये कोसळून जळाली आणि शेड रिकामीच राहिली. साम्राज्याच्या मोठ्या योजनेचे रिकामे घर एका बाजूस आणि दुसऱ्या बाजूस ताशी शे-सव्वाशे मैल धावणारे हे लहानसे विमान, असे त्या सकाळचे दृश्य होते.

विमान सरळ रेषेने मात्र गेले नाही. इंजिन एक, रेडिओ नाही, मार्ग दाखविणारे कोणतेही साधन नाही. अशा वाहनाने समुद्रावरून जाणे शहाणपणाचे नव्हते, आणि वाटेत पेट्रोल घेणेही भाग होते. म्हणून मार्ग अहमदाबादवरून आखलेला होता. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतरापेक्षा दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिकच. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणण्यात आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंटने टपाल दुसऱ्या विमानात घेतले, बळ्ळारीस रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. कराची ते मुंबई हा प्रवास सव्वासात तासांचा झाला होता.

जुहूचे हे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा सारी कंपनी, म्हणजे दोन विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके वैमानिक व यंत्रज्ञ, पुण्यास येरवड्याच्या मैदानावर मुक्काम हलवी आणि पावसाळा सरला की परत येई. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ साली, विमानांनी १,६०,००० मैलांचा पल्ला काटला. प्रवासी मात्र १५५ च नेले. टपालाच्या थैल्यांवर बसून जाण्यास तयार असणारा प्रवासी तेव्हा दुर्मीळच म्हटला पाहिजे.

वेळेचा हिशेब करताना त्या काळी आणखी एक घोटाळा होत असे. सरकार आणि रेल्वे यांनी हिंदी प्रमाणवेळ १९०६ पासून स्वीकारली असली, तरी मुंबई शहर हट्टाने आपली 'मुंबई वेळ' चालवीत होते आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. हा हट्ट १९५५ पर्यंत टिकला. तो संपण्यापूर्वीच, १९५१ साली, पश्चिम पाकिस्तानने आपली घड्याळे भारताच्या अर्धा तास मागे घेतली. त्यामुळे पुढे दीड तासाच्या जेट प्रवासात एक मौज दिसू लागली. मुंबईहून दहा वाजता निघालेला प्रवासी कराचीच्या घड्याळाप्रमाणे अकरा वाजता उतरे आणि कराचीहून दहाला निघालेला मुंबईस बारा वाजता येई. जाताना एक तास आणि येताना दोन! आकाश तेच, फरक भिंतीवरच्या घड्याळांचा.

१९४७ च्या फाळणीने दोन बंदरांमध्ये राष्ट्रांची सीमा आली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर सिंधी हिंदूंचे लोंढे मुंबईस आले ते मुख्यतः आगबोटींनी. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांची वस्ती झाली आणि तीच पुढे उल्हासनगर म्हणून वाढली. विमानसेवा मात्र तुटली नाही. डकोटा विमानास हे अंतर तोडावयास तीन तासांहून अधिक लागत. १९५७ पासून व्हायकाउंट विमाने आली तशी दोन तासांच्या आतबाहेर काम होऊ लागले. त्या दशकात दोन्ही देशांचे संबंध गोड होते असे नाही, पण नातेवाइकांस भेटावयास जाणारा माणूस तिकीट काढून जाऊ शकत होता.

याच दशकात कराचीचे एक निराळे नाते गोव्याशी जडले. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाची वस्ती कराचीत एकोणिसाव्या शतकापासून होती. १९४६ साली कराचीच्या महापौरपदी मॅन्युएल मिस्किटा हे गोमंतकीय गृहस्थ होते. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केली आणि रेल्वे बंद झाली. दाबोळी ते मुंबई हे हवाई अंतर अवघे सव्वाचारशे किलोमीटर. परंतु ते दार मिटले. तेव्हा पोर्तुगीज सरकारने दाबोळीस विमानतळ बांधला आणि 'टी. ए. आय. पी.' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी हवाई वाहतूक संस्था काढली. तिची विमाने दमण, दीव आणि कराची येथे जात. भारतीय भूमी टाळून समुद्रावरून जावयाचे, आणि मुंबईच्या तिप्पट अंतरावरील, सुमारे १,२७० किलोमीटर दूरच्या कराचीस पोचून तेथून जगाशी संबंध जोडावयाचा, असा हा व्यवहार होता. उंबरठ्यावरचे शहर परके झाले आणि दूरचे शहर दार झाले.

हे दार शेवटचे उघडले १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री. त्या दिवशी सकाळी पुण्याहून निघालेल्या भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी बॉम्बफेकीने फोडली होती. विमानतळावर उभी असलेली दोन प्रवासी विमाने मुद्दाम वगळली होती. रात्री अंधारात खड्ड्यांमधून उरलेल्या तोकड्या धावपट्टीवरून ती दोन्ही विमाने, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन, उडाली. भार कमी करण्यासाठी आसने आणि इतर सामान आधीच काढून टाकले होते. समुद्राच्या पृष्ठभागालगत उडत ती कराचीस पोचली. दुसऱ्या दिवशी गोव्यातील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली.

या मोहिमेच्या वेळी भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते एअर मार्शल ॲस्पी इंजिनियर. त्यांचे नाव कराचीच्या आकाशाशी फार पूर्वीपासून जोडलेले होते. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील प्रवास एकट्याने विमान चालवून प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी वैमानिकास बक्षीस जाहीर केले होते. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सतरा वर्षांचा ॲस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाला. दोघांची गाठ ईजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. ॲस्पी इंजिनाच्या स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्यास दिला, आणि तो मुलगा काही तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकून कराचीस उतरला. कराचीतील कॉलेजात शिकलेला, कराचीच्या मैदानावर बक्षीस जिंकलेला हा वैमानिक तीस वर्षांनी ज्या हवाई दलाचा प्रमुख झाला, त्याच्या दृष्टीने कराची हे परराष्ट्राचे शहर होते. त्यास इलाज नव्हता.

इंजिनियर घराण्यातील इतर भाऊही वैमानिक होते. त्यांपैकी जहांगीर इंजिनियर हवाई दलातून निवृत्त होऊन गुजरात सरकारच्या सेवेत मुख्य वैमानिक झाले. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, भारत-पाक युद्ध चालू असता, मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांना घेऊन ते मिठापूरहून कच्छच्या सीमेकडे निघाले. विमान दोन इंजिनांचे, नागरी, निःशस्त्र. कराचीकडून आलेल्या एका सेबर लढाऊ विमानाने त्यास गाठले. इंजिनियर यांनी पंख हलवून आपण निरुपद्रवी असल्याची खूण केली. सेबरच्या वैमानिकाने खाली विचारणा केली. पाडावे, असा हुकूम आला. सुथरी गावाजवळ विमान कोसळले. मेहता, त्यांच्या पत्नी आणि दोन्ही वैमानिक यांच्यासह आठ माणसे मेली. मुंबई-कराची ही सरळ रेषा ज्या भूमीवरून जाते, तीच ही भूमी. शेहेचाळीस वर्षांनी, २०११ साली, कैस हुसेन या त्या पाकिस्तानी वैमानिकाने जहांगीर इंजिनियर यांच्या कन्येस पत्र पाठवून दुःख व्यक्त केले, आणि तिनेही मन मोठे करून त्यास उत्तर दिले.

१९६५ च्या युद्धाने दोन देशांमधील विमानसेवा खंडित केली. एकमेकांच्या भूमीवरून उडण्याची मुभा पुढल्या वर्षी परत मिळाली, तीही फार काळ टिकली नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. याचा फटका कराची-ढाका या मार्गास बसला. एकाच राष्ट्राच्या दोन भागांमधील हे सुमारे २,३६० किलोमीटरांचे अंतर आता श्रीलंकेस, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला, वळसा घालून तोडावे लागे. ते जवळजवळ दुप्पट झाले. पूर्व बंगालमध्ये सैन्य आणि अधिकारी नेणारी विमाने त्या वर्षी कोलंबोस उतरून पुढे जात. डिसेंबरअखेर तो मार्गच निरर्थक झाला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाचा देश निराळा झाला होता.

१९७६ साली दोन्ही देशांत राजनैतिक संबंध पुन्हा जुळले आणि विमानेही सुरू झाली. या काळात कराची-मुंबई फेरी ही कित्येक घरांची गरज होती. लग्ने, मयते आणि मुंबईच्या रुग्णालयांतील उपचार यांसाठी दोन्हीकडील माणसे तिने जात-येत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत तीच फेरी पुन्हा केली. विमानही जुने, 'लेपर्ड मॉथ', १९३० च्या दशकातले. अशीच फेरी त्यांनी १९६२ मध्येही केली होती. तेव्हाच्या दोन्ही सरकारांनी या हौसेस वाट करून दिली, हे नमूद करण्याजोगे आहे.

पुढे वाट अरुंद होत गेली. १९९४ च्या अखेरीस कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाला. त्यानंतर मुंबईस जाऊ इच्छिणाऱ्या कराचीकरास व्हिसासाठी इस्लामाबादकडे पाहावे लागले. आणि कराचीहून इस्लामाबाद ११०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मुंबई ८७५ किलोमीटरांवर आणि मुंबईस जाण्याची परवानगी त्याहून लांब! १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर भारतीय मिग विमानाने पाकिस्तानी नौदलाचे 'अटलांटिक' विमान पाडले आणि सोळा माणसे मेली. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पूर्ण दोन वर्षे आकाश बंद राहिले. ते उघडले तेव्हा फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. परंतु २०१७ साली पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सने आपली कराची-मुंबई फेरी थांबविली. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश जुलैपर्यंत मिटले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपापले आकाश बंद केले आणि ती मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली.

थेट फेरी नाहीशी झाल्यावर या दोन शहरांमधील प्रवासाचा रूढ मार्ग दुबईवरून जाऊ लागला. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १,१९० किलोमीटर; बेरीज ३,१२० च्या घरात, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. दोन उड्डाणांचे मिळून पाच तासांहून अधिक होतात. त्यात दुबईच्या विमानतळावरील प्रतीक्षा मिळविली, तर १९३२ साली बैलगाडीतले पेट्रोल भरून घेत टाटांना जेवढा वेळ लागला, त्याहून आजच्या जेट प्रवाशास अधिक वेळ लागतो. व्हिसासाठी गेलेले आठवडे आणि महिने यात धरलेले नाहीत.

मुंबई आणि कराची येथील हवाई वाहतूक नियंत्रण कक्षांची क्षेत्रे अरबी समुद्रावर एकमेकांस लागून आहेत. भारत आणि पाकिस्तान यांच्या विमानांस एकमेकांचे आकाश वर्ज्य झाले, तेव्हाही तिसऱ्या देशांची विमाने ते ओलांडीत राहिली. असे एखादे विमान सीमेपाशी आले, की एका कक्षातील नियंत्रक त्याची उंची आणि वेळ दुसऱ्या कक्षास कळवितो, दुसरा ती लिहून घेतो, आणि मग वैमानिकास पुढील कक्षाशी बोलण्याची सूचना मिळते. रात्री-अपरात्री दोन्हीकडची माणसे हे काम करतात.